फ्लॉपीचं कुलूप उघडू द्या

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात ज्यांनी एखाद्या क्लासमध्ये, ऑफिसात किंवा शेजारच्यांच्या घरी संगणकाला हात लावला, त्यांतल्या बहुतेकांना ‘प्रिन्स’ आठवत असेल. पांढऱ्या कपड्यांतला, कठड्याला लटकणारा, अणकुचीदार सळ्यांवर पडून मरणारा. गेमचं पूर्ण नाव ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’, कर्ता जॉर्डन मेकनर, प्रकाशक ब्रॉडरबंड. आपल्याकडे पोचली ती १९९० सालची डॉस, म्हणजे पीसीच्या जुन्या कार्यप्रणालीवरची, आवृत्ती. तिच्यात पहिली लेव्हल पार केली की एक चमत्कारिक खोली लागायची. बाटल्याच बाटल्या, आणि प्रत्येकीपाशी एक इंग्रजी अक्षर. माहितीपुस्तिकेच्या अमुक पानावर, अमुक ओळीतल्या अमुक शब्दाचं पहिलं अक्षर शोधा आणि त्या अक्षराची बाटली प्या, असा हुकूम यायचा. चुकीची बाटली प्यायली की जीव कमी होई. ती पुस्तिका आपल्यापैकी फार थोड्यांनी डोळ्यांनी पाहिली असेल. ही खोली म्हणजे कॉपी प्रोटेक्शन होतं. विकत घेतलेल्या डब्यातली पुस्तिका हातात नसेल तर पुढे जायचं नाही, एवढाच तिचा अर्थ.

मूळ गेम मात्र १९८९ साली अ‍ॅपल टू या संगणकासाठी आला होता, आणि तिथलं लॉक थेट फ्लॉपीच्या चुंबकीय थरात होतं. अ‍ॅपलच्या साध्या फ्लॉपीवर ३५ ट्रॅक (गोल पट्टे) असत, प्रत्येक ट्रॅकवर २५६ बाइटचे १६ सेक्टर (तुकडे), म्हणजे एका बाजूला १४० किलोबाइट. रोलंड गुस्ताफसन या प्रोग्रॅमरने ‘आरडब्ल्यू-१८’ नावाची रचना केली आणि त्याच ट्रॅकवर १८ सेक्टर बसवले. साडेबारा टक्के जागा वाढली, शिवाय नेहमीच्या कॉपी प्रोग्रॅमला ती फ्लॉपी वाचता येईना. गेमला मिळालेली जादा जागा आणि कॉपी करणाऱ्याला अडवणारं लॉक, दोन्ही एकाच कारागिरीतून आलं.

हे सविस्तर सांगतो आहे, कारण माझा मुद्दा इथूनच सुरू होतो. जुन्या फ्लॉपीवरचं लॉक उघडून तो गेम आजच्या संगणकावर इम्युलेटरने, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमने, चालवणं, हे ज्याच्याकडे ती फ्लॉपी आहे त्या माणसासाठी आणि प्रत्येक ग्रंथालयासाठी निःसंदिग्धपणे कायदेशीर असलं पाहिजे. आणि जपायचं ते लॉकसकट, मूळ फ्लॉपीच्या हुबेहूब नोंदीसह. लॉक काढून टाकलेल्या कॉपीवर समाधान मानून चालणार नाही.

ही लॉक किती विलक्षण होती हे समजल्याशिवाय त्यांना जपण्याची निकड कळत नाही. स्टीव्ह वॉझ्नियाकने १९७८ मध्ये अ‍ॅपलसाठी ‘डिस्क टू’ ड्राइव्हची रचना केली, तेव्हा त्याने ड्राइव्ह चालवणाऱ्या कंट्रोलर कार्डावर मोजक्याच चिप ठेवल्या आणि बाकीचं काम सॉफ्टवेअरवर सोपवलं. फ्लॉपी वाचणारं-लिहिणारं हेड कुठे न्यायचं, बिट कसे ओळखायचे, सेक्टर कुठून सुरू होतो असं मानायचं, हे सगळं प्रोग्रॅम ठरवणार. खर्च वाचवण्यासाठी केलेल्या या काटकसरीने प्रोग्रॅमरना अफाट मोकळीक मिळाली. सेक्टरच्या सुरुवातीला ‘डी५ एए ९६’ ही ठरलेली खूण असे. कुणी ती बदलली. हेड अर्ध्या ट्रॅकवरही थांबू शकतं, म्हणून कुणी दोन ट्रॅकच्या मधल्या जागेत लिहिलं. सिएरा ऑन-लाइनसाठी मार्क डुशेनोने ‘स्पायराडिस्क’ केली. तिच्यात माहिती गोल ट्रॅकवर न राहता हेडसोबत आत सरकत जाणाऱ्या वळणावर मांडलेली असे. या कल्पना कुठल्याही पाठ्यपुस्तकात नव्हत्या. विशीतली मुलं एका स्वस्त ड्राइव्हकडून त्याच्या निर्मात्यानेही न योजलेली कामं करून घेत होती.

माझ्या मते सगळ्यांत सुंदर लॉक होतं १९८७ च्या ‘डंजन मास्टर’चं. एफटीएल या कंपनीने तो अटारी एसटी या संगणकासाठी काढला. त्याच्या फ्लॉपीवर काही बिट मुद्दाम अशा वेळेच्या सीमेवर लिहिलेले होते की ड्राइव्ह त्यांना कधी शून्य वाचे, कधी एक. गेम ती जागा पुन्हा पुन्हा वाचायचा. दर वेळी वेगळं उत्तर आलं तर फ्लॉपी खरी. प्रत्येक वेळी तेच उत्तर आलं तर कॉपी, कारण साधा ड्राइव्ह कॉपी करताना त्या धूसर बिटाला शून्य किंवा एक असं पक्कं करून टाकतो. त्यातही ही तपासणी एकदाच होत नसे. ती गेमभर ठिकठिकाणी पेरलेली होती. लॉक काढलं असं वाटून खेळायला बसलेला माणूस बराच पुढे गेल्यावर गेम बंद पडे.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. या लॉकचा त्रास पैसे मोजून गेम घेणाऱ्यालाच जास्त झाला. कमोडोर ६४ या संगणकाच्या १५४१ ड्राइव्हला फ्लॉपीवर चूक दिसली की तो हेड मागे आणून अडसरावर आपटायचा आणि पुन्हा वाचून पाहायचा. काही प्रकाशकांनी फ्लॉपीवर मुद्दाम चुका लिहिल्या आणि त्या तिथे आहेत की नाहीत हे गेमला तपासायला लावलं. दर वेळी गेम सुरू करताना ड्राइव्ह खडखडे, आणि असं वारंवार झालं की हेडची जुळणी बिघडे. ज्याने कॉपी वापरली त्याच्या ड्राइव्हला हा मार नव्हता. शिवाय बहुतेक फ्लॉपींची बॅकअप कॉपी काढता येत नसल्यामुळे ती खराब झाली की गेम गेला. तेव्हा हे नुकसान एकेका ग्राहकाचं होतं. आज तेच नुकसान संपूर्ण इतिहासाचं होऊ घातलं आहे, कारण त्या मूळ फ्लॉपी आता पस्तीस-चाळीस वर्षांच्या झाल्या आहेत. थर सुटतो, बुरशी धरते, चुंबकीय खुणा क्षीण होतात.

मग इम्युलेटर काय करतो? डॉसचे गेम खेळणाऱ्या बहुतेकांना २००२ पासून उपलब्ध असलेला ‘डॉसबॉक्स’ माहीत असतो. तो डॉस आणि त्याच्या भोवतीचं यंत्र उभं करतो, पण फ्लॉपी कंट्रोलर चिपच्या पातळीवर उतरत नाही. म्हणून ज्या फ्लॉपीचं लॉक थेट कंट्रोलरशी बोलतं, ती त्याच्यावर बहुधा चालत नाही. त्यासाठी ‘८६बॉक्स’सारखा इम्युलेटर लागतो, जो त्या काळचा पीसी कंट्रोलरसकट उभा करतो. कमोडोरसाठी ‘व्हाइस’, अटारी एसटीसाठी ‘हातारी’, अमिगासाठी ‘विनयूएई’, अ‍ॅपल टूसाठी ‘अ‍ॅपलविन’, असे त्या त्या यंत्राचे जाणकार आहेत.

पण इम्युलेटर कितीही चांगला असला तरी त्याला द्यायचं काय? बाजारात मिळणारा यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह इथे कामाचा नाही. तो ठरावीक मांडणीचे सेक्टर तेवढे वाचतो आणि बाकी सगळ्याला ‘फॉर्मॅट नसलेली फ्लॉपी’ म्हणतो. म्हणून काही लोकांनी वेगळी वाट काढली. जुना खरा ड्राइव्ह घ्यायचा, तो ‘क्रायोफ्लक्स’, ‘ग्रीझवीझल’ किंवा ‘अ‍ॅपलसॉस’सारख्या छोट्या उपकरणाला जोडायचा, आणि सेक्टर-फाइल यांचा विचार न करता चुंबकीय दिशा कधी कधी बदलली त्या क्षणांमधलं अंतर नोंदवत जायचं. पीसीच्या डबल डेन्सिटी फ्लॉपीवर ही अंतरं साधारण ४, ६ आणि ८ मायक्रोसेकंदांची असतात. मिनिटाला ३०० फेरे म्हणजे एका फेऱ्याला २०० मिलिसेकंद. असे अनेक फेरे नोंदवले की फेऱ्यागणिक बदलणारे धूसर बिट आपोआप उघडे पडतात. या नोंदीला ‘फ्लक्स इमेज’ म्हणतात. त्यात लॉक आलं, चुका आल्या, दोन ट्रॅकच्या मधलं लिखाणही आलं.

अ‍ॅपल टूसाठी २०१८ मध्ये आलेला ‘वॉझ’ हा फाइल प्रकार या कामाचा उत्तम नमुना आहे. त्यात पाव ट्रॅकपर्यंतच्या जागांची नोंद ठेवता येते. आणि इम्युलेटरला यंत्राचा दोषसुद्धा उतरवावा लागतो. डिस्क टूमधली ‘एमसी३४७०’ ही वाचन-चिप फ्लॉपीवरून बराच वेळ काहीच संकेत आला नाही की आवाज वाढवत नेते आणि शेवटी नसलेले बिट ऐकू लागते. काही लॉक नेमकी या चुकीवर विसंबलेली होती. म्हणून आजचा इम्युलेटर तशा जागी मुद्दाम यादृच्छिक बिट तयार करतो. एका चिपचा भ्रम प्रोग्रॅममध्ये इतक्या निष्ठेने उतरवणाऱ्या लोकांना मी संशोधकच म्हणेन. त्यांतल्या अनेकांनी हे काम पगाराविना, हौसेने केलं आहे.

इथे हमखास विचारलं जातं, की क्रॅक केलेल्या, म्हणजे लॉक तोडलेल्या, कॉपी आहेतच की, मग एवढा खटाटोप कशाला? त्या कॉपींचं ऋण मोठं आहे हे आधी मान्य करू. ऐंशीच्या दशकात ज्यांनी लॉक तोडली, त्यांच्यामुळेच कित्येक गेम आजवर टिकले. पण त्यांनी तोडलं ते जपण्यासाठी नव्हे. गेम एका फाइलमध्ये मावावा म्हणून सुरुवातीची चित्रं कापली, मूळ नावांच्या जागी आपल्या गटाचं नाव झळकवलं. शिवाय निवड त्यांच्या आवडीची होती. मारधाडीचे आणि उड्यांचे गेम आवर्जून फोडले गेले, शाळांसाठी काढलेल्या शैक्षणिक सॉफ्टवेअरकडे फारसं कुणी पाहिलं नाही. अमेरिकेतल्या एका पिढीने ज्या प्रोग्रॅमवर गणित आणि स्पेलिंग गिरवलं, तेच सर्वांत धोक्यात आले. ‘४एएम’ या टोपणनावाने काम करणाऱ्या व्यक्तीने गेल्या दशकात हीच उणीव भरून काढायला घेतली. शेकड्यांनी फ्लॉपींचं लॉक शक्य तितका कमी बदल करून काढलं, प्रत्येक वेळी ते लॉक कसं होतं याचं सविस्तर टिपण लिहिलं आणि सगळं इंटरनेट अर्काइव्हवर ठेवलं. पुढे त्याच नावाने लॉकसकट मूळ फ्लॉपींच्या वॉझ इमेजही येऊ लागल्या. माझ्या मते काम असंच व्हावं. वापरायला सोपी कॉपी वेगळी, आणि अभ्यासासाठी जशीच्या तशी नोंद वेगळी.

आता कायदा. अमेरिकेतला ‘व्हॉल्ट विरुद्ध क्वेड’ हा १९८८ चा निकाल या विषयात मैलाचा दगड आहे. व्हॉल्ट कंपनी ‘प्रोलॉक’ नावाच्या खास फ्लॉपी विकायची. त्यांवर एक भौतिक खूण असे, आणि ती सापडल्याशिवाय प्रोग्रॅम चालत नसे. क्वेडने ती अट चुकवून कॉपी चालू देणारा प्रोग्रॅम विकला. अपील न्यायालयाने क्वेडच्या बाजूने कौल दिला, आणि ग्राहकाला बॅकअप कॉपी काढण्याचा हक्क आहे हे त्यामागचं एक महत्त्वाचं कारण होतं. दहा वर्षांनी, १९९८ मध्ये, डीएमसीए (डिजिटल मिलेनियम कॉपीराइट अ‍ॅक्ट) हा कायदा आला आणि वारं फिरलं. लॉक चुकवणं हाच स्वतंत्र गुन्हा ठरला. दर तीन वर्षांनी सवलती मागायच्या, अशी सोय त्यात ठेवली. २००३ मध्ये जुनाट झालेल्या माध्यमांवरच्या प्रोग्रॅम आणि गेमसाठी सवलत मिळाली, २००६ मध्ये ती कायम राहिली, २०१० च्या यादीत ती नव्हती. हजारो फ्लॉपींचं भवितव्य दर तीन वर्षांच्या अर्जावर टांगणं हे कुठल्याही संग्रहालयाला परवडणारं नाही. २०२४ मध्ये ग्रंथालयांच्या बाजूने एक साधी मागणी झाली होती, की जपलेले गेम संशोधकांना दूरून, आपापल्या जागेवरून पाहता यावेत. तीही नाकारली गेली. म्हणजे पुण्यातल्या अभ्यासकाने चाळीस वर्षांपूर्वीचा एक गेम पाहण्यासाठी विमानाने अमेरिकेतल्या वाचनालयात जायचं.

गेम कंपन्यांच्या संघटनेचा युक्तिवाद मी गंभीरपणे घेतो. जुन्या गेमनाही बाजार आहे, ते पुन्हा विकले जातात, आणि फुकट मिळाले तर ती विक्री बुडेल, असं त्यांचं म्हणणं. जो गेम आज विकत मिळतो त्याच्यापुरतं ते पटण्यासारखंही आहे. तो विकतच घ्यावा. पण व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये सॉफ्टवेअर प्रिझर्व्हेशन नेटवर्कसोबत केलेल्या पाहणीत दिसलं की २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात कुठेच अधिकृतपणे मिळत नाहीत. जे विकायलाच ठेवलेलं नाही त्याची विक्री बुडणार कशी? कित्येकदा हक्क कोणाकडे आहेत हेही सांगता येत नाही. ब्रॉडरबंड १९९८ मध्ये लर्निंग कंपनीने घेतली, लर्निंग कंपनी पुढच्याच वर्षी मॅटेलने घेतली. अशा हातबदलात कागदपत्रं कुठल्या कपाटात राहिली कोण जाणे. मेकनरच्या स्वतःच्या ‘प्रिन्स’चा अ‍ॅपल टूचा सोर्स कोड कित्येक वर्षं हरवलेला होता. २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना घरात फ्लॉपींचा खोका सापडला, आणि जुन्या माध्यमांतून माहिती काढणाऱ्या जाणकारांना बोलावून तो वाचून घ्यावा लागला. खुद्द लेखकाची ही स्थिती, तर बंद पडलेल्या कंपन्यांच्या गेमचं काय?

मुदतीचा हिशेबही पाहा. अमेरिकेत १९८३ साली कंपनीच्या नावावर निघालेल्या गेमचा कॉपीराइट २०७८ साल संपेपर्यंत चालतो. तोवर त्या वर्षाची एकही फ्लॉपी वाचण्याजोगी उरेल असं मला वाटत नाही. जो करार कॉपीराइटच्या मुळाशी आहे, म्हणजे लेखकाला काही वर्षं हक्क आणि नंतर ते समाजाचं, तो करार इथे एकाच बाजूने पाळला जातो. समाजाच्या वाट्याला येईल तेव्हा द्यायला काही शिल्लकच नसेल.

आपल्याकडचा कायदा निदान कागदावर जास्त समंजस आहे, आणि हे आपल्या वाचकांना फारसं ठाऊक नसतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ प्रोग्रॅम कायदेशीररीत्या बाळगणाऱ्याला तो ज्या कामासाठी दिला त्यासाठी वापरायला, आणि हरवण्या-बिघडण्यापासून बचाव म्हणून बॅकअप कॉपी काढायला मुभा देतं. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आलं. लॉक चुकवण्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, पण हक्कभंगाच्या हेतूने केलं तरच. कायद्याने मनाई न केलेल्या उद्देशासाठी लॉक उघडणं गुन्हा नाही. इथवर ठीक. मात्र दुसऱ्याला लॉक उघडायला मदत करणाऱ्याने त्या माणसाचं नाव, पत्ता, उद्देश यांची पूर्ण नोंद ठेवावी अशी अट आहे. हौसेने एखादं साधन लिहून सगळ्यांसाठी खुलं ठेवणाऱ्याने ही अट कशी पाळावी?

त्याहून मोठी फट ग्रंथालयांच्या तरतुदीत आहे. सार्वजनिक ग्रंथालयाने जतनासाठी एखादी कृती इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवली तर चालते, पण तिची डिजिटल नसलेली प्रत आधीपासून ग्रंथालयाकडे असेल तरच. छापील पुस्तक स्कॅन करायला हे पुरेसं आहे. फ्लॉपी मुळातच डिजिटल, म्हणून ती या सवलतीबाहेर. ज्या वस्तूला जतनाची सर्वांत जास्त गरज, नेमकी तीच वगळली गेली. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकांना पुस्तकं ठरावीक ग्रंथालयांत जमा करावी लागतात, मुंबईचं टाउन हॉलमधलं ग्रंथालय त्यांपैकी एक. सॉफ्टवेअरसाठी तशी सोयच नाही. भारतात ऐंशी-नव्वदच्या दशकांत लिहिल्या गेलेल्या प्रोग्रॅमची एक तरी सरकारी यादी कुणी केली असती, तर निदान काय गेलं ते तरी कळलं असतं.

कुणी म्हणेल, अमेरिकन मुलांच्या गेमसाठी आपण का जीव काढायचा? माझं उत्तर असं की प्रश्न गेमवर थांबत नाही. युनिकोडच्या, म्हणजे सर्व भाषांच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीची मराठी अक्षरजुळणी आठवा. त्या काळच्या कित्येक मराठी डीटीपी (छपाईची मांडणी करणाऱ्या) प्रणाली संगणकाच्या मागे लावलेल्या हार्डवेअर लॉकशिवाय सुरूच होत नसत, आणि प्रत्येकीचं फॉन्टचं सांकेतिकीकरण वेगळं. पुस्तकं, दिवाळी अंक, स्मरणिका, संशोधनाचे प्रबंध यांच्या मूळ फाइल त्या सांकेतिकीकरणात अडकल्या आहेत. लॉक तुटलं, हरवलं, पोर्टच नाहीसा झाला, की फाइल असूनही उघडत नाही. जुन्या गेमसाठी इम्युलेटर आणि फ्लक्स वाचण्याची साधनं लिहिणाऱ्यांनी जो मार्ग घालून दिला, त्याच मार्गाने आपल्याला या मराठी फाइलींपर्यंत पोचावं लागेल. कायद्यात सूट मागायची ती दोन्हींसाठी मिळून मागावी.

माझी मागणी नेमकी आहे. ग्रंथालयांच्या तरतुदीतली डिजिटल नसलेल्या प्रतीची अट काढावी. बाजारात न मिळणारं सॉफ्टवेअर इम्युलेटरवर अभ्यासासाठी दाखवण्याची, दूरूनही, स्पष्ट परवानगी द्यावी. साधनं लिहिणाऱ्यांवरची नोंदवहीची सक्ती जतनाच्या कामापुरती उठवावी. आणि एका तरी संस्थेकडे फ्लक्स वाचण्याची सोय असावी. हे काम खर्चापेक्षा चिकाटीचं जास्त आहे.

तोवर ज्यांच्या माळ्यावर फ्लॉपींचा खोका आहे त्यांनी दुरुस्तीची वाट पाहू नये. स्वतः विकत घेतलेल्या प्रोग्रॅमची बॅकअप काढायला कलम ५२ आजही आड येत नाही. आपल्या दमट हवेत बुरशी धरलेली फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये घालू नका. एका फ्लॉपीची घाण हेडवर बसते आणि पुढच्या फ्लॉपीचा थर खरवडते. ‘फॉर्मॅट करू का’ असं संगणकाने विचारलं तर नाही म्हणा, कारण लॉक असलेली चांगली फ्लॉपीही त्याला कोरीच दिसते. माहितीपुस्तिका आणि लेबलं स्कॅन करा. बाटल्यांच्या खोलीत त्यांच्यावाचून अडतं. आधी फ्लक्सची नोंद घ्या, शक्य तितक्या फेऱ्यांची. तिच्यातलं लॉक उलगडायला दहा वर्षं लागली तरी चालतील, पण नोंद घ्यायला फ्लॉपी आणि ड्राइव्ह दोन्ही आज चालू स्थितीत लागतात.